दिमीत्रिस म्हणजे कुणाचा?

पत्र नाशिकहून आलंय. लांब आहे, म्हणून थोडं कापून देते.

"माझी लेक ग्रीसमध्ये थेसालोनिकीला असते, जावई तिथलाच. तीन आठवड्यांपूर्वी तिला मुलगा झाला. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा झाला तर ह्यांचंच नाव ठेवायचं, असं मी मनाशी धरून होते. पण जावई म्हणतात, नाव ठरलेलंच आहे: डिमिट्रिऑस, त्यांच्या वडिलांचं. व्याही ठणठणीत आहेत, रोज समुद्रावर पोहायला जातात. जिवंत माणसाचं नाव नातवाला ठेवतात का कुठे? गुरुजींनी काढून दिलेल्या अक्षरातही ते बसत नाही. शेजारच्या काकू म्हणतात ख्रिश्चन संताचं नाव आहे, भाचा म्हणतो कुठल्याशा देवीचं आहे. दीर तर 'डीमॅट' म्हणून हसले. सव्वा महिना झाला की व्हिडिओ कॉलवरून बारसं करायचं ठरलंय. लेकीला स्पष्ट सांगू का, की हे नाव नको?" खाली सही, 'एक आजी'.

ताई,

नका सांगू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी फोन हातात घेऊ नका.

आधी दिरांचा बंदोबस्त करू. डीमॅट त्यांना सुचलं, कारण आपण हे नाव इंग्रजीच्या वाटेने ऐकतो. मूळ नावात ड नाही आणि टही नाही. पहिलं अक्षर आपल्या द आणि धच्या मधलं, जीभ दातांना जेमतेम टेकवून काढायचं. मधला त तर सरळ आपल्या तव्यातला. कागदावर दिमीत्रिओस, घरीदारी दिमीत्रिस, जोर 'मी'वर. हाक मारताना शेवटचा स गळतो: "दिमीत्री, ये जेवायला!" संस्कृतात रामः हाक मारताना 'हे राम' होतो, विसर्ग जातो, तसंच. शाळेत रामः रामौ रामाः घोकलेल्या बाईला यात अवघड काही नाही. इंग्रजांपेक्षा तुमच्या तोंडी ते नाव कितीतरी बरं बसेल. लाडाने मित्सोस म्हणतात, मीमिस म्हणतात, दिमीत्राकिस म्हणतात आणि त्या दिमीत्राकिसचं शेपूट तोडून ताकिसही म्हणतात. उन्हाळ्यात नाशकात आला की ताकिसला ताक द्या.

आता अर्थ. भाचा आणि काकू दोघंही बरोबर आहेत, पण आधी भाचा.

दिमीत्रिओस म्हणजे दिमितर देवीचा. दिमितर ही ग्रीकांची धान्याची, पिकांची देवी. तिच्या नावातला 'मितर' म्हणजे आई. आपला मातृ आणि हा शब्द एकाच मुळातून आलेले, सख्खे भाऊच म्हणा. पुढच्या 'दि'वर पंडितांची भांडणं आहेत: कुणी भूमी म्हणतं, कुणी धान्य. भूमाता म्हणा नाहीतर धान्यमाता, मुलगा आईचाच राहतो.

या देवीची गोष्ट तुम्ही ऐकाच. अडीच हजार वर्षांहून जुन्या एका ग्रीक स्तोत्रात ती आहे. दिमितरला एकच लेक, पेर्सेफोनी. रानात फुलं तोडत असताना जमीन दुभंगली आणि पाताळाचा राजा तिला रथात घालून घेऊन गेला. हे लग्न बापाने, म्हणजे देवांचा राजा झ्यूस याने, आईला न विचारता परस्पर ठरवलेलं. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून, अंघोळीवाचून लेकीला शोधत फिरली. शेवटी म्हातारीचं रूप घेऊन एलेफ्सिना गावच्या विहिरीपाशी येऊन बसली. पाणी भरायला आलेल्या राजाच्या मुलींनी तिला घरी नेलं. तिथे तिला मद्य दिलं तर तिने हात लावला नाही. सातूचं पीठ आणि पुदिन्यासारखा पाला घातलेलं पाणी मागितलं. राजाला उतारवयात झालेला एक मुलगा होता, तो तिच्या मांडीवर दिला. ती त्याला दिवसा सुगंधी लेप लावी, श्वास घालून फुंकर मारी आणि रात्री, घरचे झोपले की, निखाऱ्यात ठेवी, म्हणजे तो अमर होईल. एका रात्री बाळाच्या आईने ते पाहिलं आणि किंचाळली. दिमितर इतकी चिडली की तिने बाळ जमिनीवर ठेवलं आणि उठली.

बाळाला धुरी द्यायची की नाही, यावरून सूनबाईशी वाजलेल्या प्रत्येक आजीला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. आम्ही तरी मुलांना निखाऱ्यात ठेवत नव्हतो, निखाऱ्यावरच धरत होतो.

पुढे देवीने धान्य उगवणंच बंद केलं. बी पेरलं की जमिनीतच राही. माणसं उपाशी मरायला लागली, देवांचे नैवेद्य थांबले, तेव्हा कुठे झ्यूसने लेकीला परत पाठवायचं कबूल केलं. पण निघताना नवऱ्याने तिला डाळिंबाचा एक दाणा भरवला होता. तिथलं खाल्लं म्हणजे तिथली झाली. तडजोड अशी निघाली की वर्षाचा एक तृतीयांश काळ ती सासरी राहील आणि उरलेला आईपाशी. लेक वर आली की शेतं डवरतात.

आठ महिन्यांचं माहेरपण! आपल्या गौरींना तीन दिवसांच्या वर कोण राहू देतं?

तर दिमीत्रिओस हे नाव मुळात या आईचं. आता काकूंचं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करत होते. तेव्हा थेसालोनिकीत दिमीत्रिओस नावाचा एक तरुण भाल्यांनी मारला गेला. पुढे तो त्या शहराचा राखणदार संत झाला. त्याच्या नावाचं मोठं देऊळ, चर्च म्हणा, तुमच्या लेकीच्याच शहरात आहे. १९१७च्या आगीत ते जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. संताच्या तसबिरीत तो तांबड्या घोड्यावर बसलेला आणि हातात भाला. घोड्यावरचा देव आपल्याला काही नवा नाही. जेजुरीचा पांढऱ्या घोड्यावर, हा तांबड्या.

देवीचं नाव संताला कसं, हा प्रश्न ग्रीकांना पडत नाही. एलेफ्सिनाच्या शेतात देवळाच्या पडक्या भागात एक मोठी जुनी मूर्ती अर्धी गाडली गेलेली होती. गावकरी ख्रिस्ती, पण तिला संत दिमित्रा म्हणत, तिच्याभोवती शेणखताचा ढीग रचत, आणि ती हलली तर पीक जाईल असं मानत. १८०१ साली एक इंग्रज प्रवासी सरकारी परवाना मिळवून ती उचलून घेऊन गेला. ज्या जहाजात ती जाईल ते बुडेल, असं गावकरी म्हणाले होते. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ते बुडालंच. मूर्ती पाण्यातून काढली, आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. त्याला कुणी हात लावून बघावा.

आता जिवंत माणसाच्या नावाचं. तुमचा खरा काटा इथे रुतलाय, हे मला पत्रावरून दिसतंय. तुम्ही 'जिवंत'खाली रेघ मारली आहे.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात ते बहुधा आजोबा गेल्यावर. पेशव्यांच्या घरातच बघा. बाळाजी विश्वनाथ १७२०च्या एप्रिलमध्ये गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेला नातू बाळाजी झाला. थोरल्या बाजीरावांचा नातू पुन्हा बाजीराव. पण आजोबांचं नाव घेऊन पोराला दटावायचं कसं? म्हणून बाळाजीचा नाना होतो. आमच्या घरी तीन पिढ्यांत दोन विष्णू झाले आणि एकालाही कुणी विष्णू म्हटलं नाही. एक अण्णा, एक छोटे अण्णा. छोटे अण्णा सहा फूट दोन इंच होते.

ग्रीसमध्ये गणित उलटं आहे. पहिला मुलगा झाला की त्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींना आज्यांची नावं. कुठल्या आजीचं आधी, ते प्रांताप्रांतावर. आजोबा हयात असले तर उत्तमच, त्यांना आपलं नाव पुढे गेलेलं डोळ्यांनी बघायला मिळतं. तिथे आजोबाला नातू 'पापूस' म्हणतो, त्यामुळे "दिमीत्री, मार खाशील" असं ओरडलं तरी व्याह्यांचा अपमान होत नाही. या रिवाजामुळे एका आजोबांचे चार नातू चुलत-आत्ये भाऊ असून चौघंही दिमीत्रिस असू शकतात. मग ती मित्सोस-मीमिस-ताकिस मंडळी कामाला येतात. अलीकडची तरुण जोडपी हा रिवाज मोडतात आणि मग आजोबा महिनाभर बोलत नाहीत, हेही तिथे घडतं. तुमच्या जावयाने वडिलांना दुखावायचं टाळलं. उद्या म्हातारपणी तुम्हाला असाच जावई बरा.

आणि एक गंमत. बाळाचं नाव काय ठेवलं, हे ग्रीक माणूस विचारतो तेव्हा 'व्घाझो' हे क्रियापद वापरतो, म्हणजे बाहेर काढणे. आपणही म्हणतो, पोराने आजोबांचं नाव काढलं. आपल्याला त्यासाठी पोर मोठं होईपर्यंत थांबावं लागतं, त्यांचं नाव ठेवतानाच काढून होतं. आपल्याकडे शिवाय नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचंच अंतर आहे. तेवढं सांभाळा.

तुम्ही नाशिकच्या नसता तर मी इथेच थांबले असते.

पांडवलेण्यांवर तुम्ही किती वेळा गेला असाल! बहुतेक मंडळी पायऱ्या चढतात, दमतात, फोटो काढतात आणि उतरतात. पुढच्या वेळी सतराव्या क्रमांकाच्या लेण्यापाशी थांबा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात म्हटलंय की त्रिरश्मी डोंगरातलं हे लेणं खोदवलं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने. त्याचं वर्णन तीन शब्दांत आहे: ओतराह, दातामितियक, योणक. ओतराह म्हणजे उत्तरेकडचा. योणक म्हणजे यवन. हा शब्द मुळात ग्रीकांसाठी, इतर परक्यांना तो खूप नंतर चिकटला. आणि दातामितियक म्हणजे दत्तामित्री गावचा.

ही दत्तामित्री कुठली? बरेच अभ्यासक ते नाव दिमीत्रिओस नावाच्या ग्रीक राजाशी जोडतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हा बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा, राजा हिंदुकुश ओलांडून इकडे उतरला. त्याच्या नाण्यावर त्याने डोक्यावर टोपीसारखं हत्तीचं मस्तक घातलंय, सोंड पुढे आलेली, सुळे बाहेर. एकदा बघितलं की विसरत नाही. त्याच्या नावाची नगरी आपल्या लोकांच्या तोंडी दत्तामित्री झाली. म्हणजे दिमीत्रिओसचं आपल्या मातीत झालेलं नाव आहे दत्तमित्र. दीर डीमॅट म्हणाले. आपल्या पूर्वजांचा कान त्यांच्यापेक्षा तयार होता.

पण मला त्या लेखात आवडतं ते दुसरंच. इंद्राग्निदत्ताने लेणं खोदवलं ते आईवडिलांसाठी, आणि दानात आपल्या मुलाचं नाव घातलं: धम्मरक्षित. आजोबा धम्मदेव, बाप इंद्राग्निदत्त, नातू धम्मरक्षित. बापाच्या नावातून गायब झालेला 'धम्म' नातवात परत आलाय. हा निव्वळ योगायोगही असेल. पण आजोबांचं नाव नातवाला हा रिवाज ग्रीकांत तेव्हाही होता. त्या तीन नावांसमोर उभं राहिलं की मला आपला एखादा बारशाचा कार्यक्रमच दिसतो: कुणीतरी म्हणालं असेल पूर्ण नाव नको, निदान अर्धं तरी ठेवा.

हा अर्ध्याचा तोडगा तुमच्याही उपयोगाचा आहे. आपल्या शास्त्राप्रमाणे बारशाला बाळाला चार नावं असतात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं. व्यवहाराचं दिमीत्रिस राहू द्या, पासपोर्टवर तेच असणार आहे. नक्षत्राचं नाव गुरुजींनी दिलेल्या अक्षरावरून ठेवा. 'दी' अक्षर पूर्वाभाद्रपदाच्या चौथ्या चरणाला येतं, तुमच्या नातवाचं नक्षत्र वेगळं असेल तर ते बसणार नाहीच, आणि बसायची गरजही नाही. (गुरुजी फार ताणायला लागले तर त्यांना सांगा की ते ज्याला होरा म्हणतात आणि कुंडलीत ज्याला केंद्र म्हणतात, ते दोन्ही शब्द ग्रीकांकडूनच आलेत. मग चहा विचारा.) कुलदेवतेच्या नावाला कुणाची हरकत असायचं कारण नाही. आणि पाळण्यात घालताना एक पाचवं नाव म्हणायला काय जातं?

पत्रभर तुम्ही 'ह्यांचं नाव', 'ह्यांचं नाव' म्हणता, पण ते नाव काय ते एकदाही लिहिलेलं नाही. मला नवल नाही वाटलं, माझ्या आईनेही जन्मात घेतलं नाही. मग नातवाला ते ठेवून दिवसभर हाक कशी मारणार होतात? दुसऱ्या दिवसापासून तो बाबू झाला असता. त्यापेक्षा बारशाच्या दिवशी पाळण्याशी कुर्रर्र करून एकदाच, मोठ्याने म्हणा. आत्याचा मान जावयाच्या बहिणीचा. तिला कुर्रर्र जमेल, ग्रीकमध्ये र चांगला घोळवतात. पण ते पाचवं नाव तुम्ही स्वतः घ्या. लेकीला आधी कल्पना द्या, आणि विनंती म्हणून द्या, अट म्हणून नको. दुसरा मुलगा झाला तर तिथल्या रिवाजाप्रमाणे नाव तुमच्याच घरचं, ही गोष्ट मात्र तीन आठवड्यांच्या बाळंतिणीपाशी चुकूनही काढू नका. झोप झालेली नसते.

सव्वा महिन्याचा नियम तुमच्या विहीणबाईंनाही पटेल. त्यांच्याकडे बाळबाळंतीण जुन्या पद्धतीप्रमाणे चाळीस दिवस घर सोडत नाहीत, मग चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. कॉलवर कुणी बाळाकडे बघून "फ्तू फ्तू" करून थुंकल्यासारखं केलं तर दचकू नका, ती दृष्ट काढणं चाललंय. "ना सास झीसी" असं तुम्हाला म्हणाले तर त्याचा अर्थ, तुमचं बाळ जगो, आयुष्यमान होवो. मान हलवून हसलात तरी पुरे.

राहिला मुहूर्त. तिथे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. संत दिमीत्रिओसचा दिवस २६ ऑक्टोबर. त्या शहरात तर दुहेरी सण, कारण १९१२ साली, जुन्या पंचांगाप्रमाणे याच तारखेला, थेसालोनिकी तुर्कांच्या हातून ग्रीकांकडे आलं. त्या सुमाराला फुलणाऱ्या शेवंतीला तिथे संत दिमीत्रिओसची फुलं म्हणतात, आणि तेव्हा दोन-चार दिवस पुन्हा ऊन तापतं त्याला संत दिमीत्रिओसचा छोटा उन्हाळा. आपल्याकडे त्याला ऑक्टोबर हीट म्हणून शिव्या देतात. त्या दिवशी आमंत्रण नसतं, ज्याला आठवण असते तो फोन करतो, घरी येतो.

तुम्ही फोन करा, पण आधी व्याह्यांना. "ख्रोनिया पोला" एवढंच म्हणायचं, म्हणजे खूप वर्षं लाभोत. पोहणाऱ्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल. मग म्हणा, फोन धाकट्या दिमीत्रीच्या कानाला लावा. तिथलं घड्याळ आपल्यामागे अडीच तास असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन, तेव्हा आपल्या अकराच्या आत नको.